दुसरी वेलांटी

४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पोचल्याचं कार्ड मिळालं असेलच. ट्रंकेची कडी बसमध्येच तुटली, पण तू दोरीने आवळून बांधली होतीस म्हणून माझी अब्रू रस्त्यावर सांडली नाही.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि दुसऱ्या मिनिटाला ‘ठेवू का?’ म्हणतोस. शिवाय दिवसभर लोकांचे कान तपासून संध्याकाळी माझे स्वतःचे विटलेले असतात. आणि तुलाही चुका काढायला काहीतरी हवंच. छापखान्यातून निवृत्त झालास म्हणून मुद्रितशोधकाची खाज थोडीच जाते.

काम आवडलं. कॉलेजच्या परिक्षा दिल्या तेव्हा वाटलं नव्हतं इतकं आवडलं. काल एका सुताराला पहिल्यांदा यंत्र लावलं, तर त्याला स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू आला. तो खोलीत दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, ‘हे बूट असे वाजतात होय?’ फक्त ती कान तपासायची खोली माझ्या जिवावर येते. भिंतींना जाड स्पंज, दार तिजोरीसारखं, खिडकी औषधालाही नाही. मधल्या काचेच्या एका बाजूला सूर ऐकू आला की बटण दाबणारा, दुसऱ्या बाजूला मी. आठ तास बाहेरचा एक आवाज नाही की वाऱ्याची झुळूक नाही. बाहेर आले की रस्त्यावरच्या भांडणाचाही आनंद होतो.

आता मुद्दा. सध्या दवाखान्याच्या फायलींच्या खोलीत मला एक खाट दिलीय. ती फक्त महिनाअखेरपर्यंत. मग तिथे नवं मशीन येणार आणि मी बाहेर. आल्यापासून सात जागा पाहिल्या, दोन उरल्यात. एक तुझ्या छापखान्यातल्या बाइंडरकाकांच्या मेहुणीची, म्हणजे त्या निवृत्त नर्सबाईंची. तळमजला, मागची खोली, दवाखान्यापासून चार मिनिटं. दुसरी मी स्वतः शोधलीय. पुलापलीकडे, चालत चाळीस मिनिटं. खाली एका बाईंचं वेताच्या खुर्च्या विणायचं दुकान, आणि सगळ्यात वर गच्चीला लागून खोली. चौसष्ट पायऱ्या. याहून जास्त माहीती अजून नाही.

दोन्ही बाहेरून पाहिल्यात. आत बघायला जायचंय. सांग, घर कसं बघतात? मी आजवर एकाच घरात राहायला आलेय, तुझ्या, आणि ते काही मी बघून निवडलं नव्हतं.

तुझी,
वेलांटी

९ ऑक्टोबर

प्रिय वेलांटी,

शुद्धिपत्र आधी, म्हणजे पुढे मोकळ्या मनाने बोलता येईल. ‘परीक्षा’, री दुसरी. ‘माहिती’, हि पहिली. वयाच्या नवव्या वर्षी तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुझं हे नाव पडलं, ते बदलायची वेळ अजून आलेली नाही.

घर कसं बघायचं ते सांगतो. मुद्रितं तपासताना आम्ही शेवटचं वाचन उलटं करायचो. शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. सुलट वाचलं की मजकूर आपल्याला ओढून नेतो, आपण अर्थ वाचत सुटतो आणि चूक डोळ्यांसमोरून निघून जाते. उलट वाचलं की एकेक शब्द सुटा उभा राहतो. घरही तसंच बघ. पुढच्या दारातून शिरलीस की घरमालकीण हसते, पडदे हसतात, आपणही हसतो. तू मागच्या दारापासून सुरुवात कर. आधी मोरी, मग नळ, मग भिंतींचे कोपरे, मग खिडकी उघडून बघ ती खरंच उघडते का, आणि सगळ्यात शेवटी मालकिणीचं तोंड.

माझं मत विचारशील तर (विचारलं नाहीस, तरी सांगतो) नर्सबाई. चार मिनिटं. एकटी मुलगी, अनोळखी गाव, पुलापलीकडे चाळीस मिनिटं, वर चौसष्ट पायऱ्या. ताप आला तर चौसष्ट पायऱ्या कोण चढून येणार आहे? नर्सबाईंच्या घरात निदान थर्मामीटर तरी असेल.

इथे सगळं ठीक. बाइंडर गुरुवारी येऊन गेला. मी चहात साखर दोनदा घातली आणि तो बिचारा निमूट प्यायला. तू गेल्यापासून घरात साखर कुणी घातली आणि कुणी नाही याचा हिशोब लागत नाही.

मामा

१६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझ्या पद्धतीने दोन्ही घरं उलटी वाचली. नर्सबाई चाट पडल्या. म्हणाल्या, ‘तू मोरीत काय शोधतेयस?’

त्यांचं घर निट आहे. फार निट आहे. जमिनीवर गालिचे, दारांना खाली रबर, घड्याळसुद्धा टिकटिक न करणारं. खिडकी आहे, पण ती धूळ येते म्हणून खिळे मारून बंद केलीय. मी दोन मिनिटं उभी राहिले आणी मला वाटलं, आता काचेपलीकडून कुणीतरी सूर वाजवणार आणि मी बटण दाबणार.

खुर्चीवाल्या बाईंचा जीना दमवतो खरा. पण ठरलं. चावी घेतली, ती ट्रंकेच्या दोरीलाच बांधली आणि ट्रंक खाली दुकानात आणून ठेवली. येत्या शनिवारी राहायला जाते. हे पत्र त्यांच्याच दुकानात बसून लिहितेय. त्या समोर वेत भिजवत बसल्यात आणि ‘घरी काय कळवतेयस?’ असं दोनदा विचारून झालंय. पत्र त्या स्वतःच टपालात टाकणार आहेत म्हणून आवरतं घेते. खोली अगदी हवेशीर आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी,
वेलांटी

२३ ऑक्टोबर

मामा,

चार दिवस राग शांत व्हायची वाट पाहिली. झाला नाही, म्हणून तसाच लिहितेय.

मी बावीस वर्षांची आहे. माझं काम मी शोधलं, घर मी शोधलं. तू सांगितलंस तशी मोरीसुद्धा तपासली. आणि शनिवारी दवाखान्यातून थेट नव्या खोलीवर राहायला आले, तर काय दिसलं? दुकानासमोरच्या फुटपाथवर ट्रंक आणि ट्रंकेवर तू. चावी बाईंना परत देऊन टाकलेली. माझ्याशी एक शब्द न बोलता. मला बघितल्यावर म्हणतोस काय, तर ‘चल.’ मी विचारलं, कुठे? तर म्हणालास, ‘तूच लिहिलंस ना, हवेशीर आहे म्हणून.’ मी म्हटलं, म्हणजे काय? तू माझ्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, ‘काही नाही.’ नऊ तास बसने येऊन ‘काही नाही’. मग मी जे बोलले ते बोलले. तू चहासुद्धा न घेता परतीच्या बसला गेलास.

खुर्चीवाल्या बाई आता खोली द्यायला तयार नाहीत. म्हणतात, ‘जिचा मामा येऊन सामान उचलतो तिला चावी देऊन मी काय करू? पुढच्या महिन्यात आत्या येईल.’ मी खूप विनवलं. त्यांनी मान वर केली नाही.

एकतीस तारखेला नर्सबाईंकडे जाते. तुझ्या मनासारखं झालं. चार मिनिटं, थर्मामीटर आणि खिळे मारलेली खिडकी.

तुझी भाची

२८ ऑक्टोबर

प्रिय वेलांटी,

तू बोललीस ते बरोबर बोललीस. या पत्रात चुका काढत नाही. काढायच्या तर माझ्याच निघतील.

‘काही नाही’ म्हणालो ते खोटं होतं. रस्त्यात सांगण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तुला आठवत नाहीये हे कळल्यावर मला परतीची बस गाठण्यापलीकडे काही सुचेना. आता लिहितो.

तुझी आई, म्हणजे माझी ताई, हिचा एक शब्द होता. कुणाकडे गेलो, जेवण घशाखाली उतरेना किंवा गप्पा संपेनात, की ती शांतपणे इकडेतिकडे बघायची आणि म्हणायची, ‘तुमचं घर मात्र हवेशीर आहे हं.’ याचा अर्थ, मला इथून बाहेर काढा. हे ऐकलं की आपण काही विचारायचं नाही, कारणं मागायची नाहीत. उठायचं, चप्पल घालायची आणि दारात जाऊन उभं राहायचं. एकदा एका गृहस्थांनी खूश होऊन आणखी दोन खिडक्या उघडल्या होत्या आणि तू हसता हसता जिन्यावरच बसली होतीस. सात वर्षांची असशील.

ताई गेल्यानंतरच्या वर्षी तू शाळेच्या शिबिराला गेलीस. तिसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं. ‘इथे सगळे चांगले आहेत. तंबू हवेशिर आहे.’ शि पहिली. मी निघालो आणि तुला घेऊन आलो. तू वाटेत काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. तोच नियम होता.

तुझं सोळा तारखेचं पत्र आलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे लाल पेन घेऊन बसलो. ‘निट’ चुकलेलं, ‘आणी’ चुकलेलं, ‘जीना’ चुकलेला. म्हणजे पत्र अस्सल तुझंच. आणि ‘हवेशीर’ मात्र बरोबर. दुसरी वेलांटी. जन्मात जो शब्द तुला कधी बरोबर लिहिता आला नाही तो मुद्दाम जपून, बरोबर लिहिलेला. मालकीण समोर बसलीय, काय लिहितेयस विचारतेय, पत्रही तीच टाकणार. लाल पेन तसंच खाली ठेवलं. दोनदा फोन केला, तू त्या स्पंजच्या खोलीत होतीस. सकाळची बस धरली.

बाकी तुला माहीत आहे. मी त्या बाईंना कारण सांगितलं नाही, कारण नियम तोच. फक्त ट्रंक मागितली आणि तिच्या दोरीची चावी सोडून पुढे केली. खोली बघायला वरही गेलो नाही. आयुष्यभर एकेक अक्षर तपासून खाल्लं आणि इथे एका शब्दावर भरवसा ठेवून तोंडघशी पडलो.

सोबत त्या बाईंसाठी पत्र आहे. उघडंच ठेवलंय, तूही वाच. नको वाटलं तर फाडून टाक.

नर्सबाईंची खिडकी माझ्या मनासारखी नाही, एवढं मात्र लिहून ठेवतो.

मामा

२८ ऑक्टोबर

बाई,

नमस्कार. मी म्हणजे आपल्या दुकानासमोर ट्रंकेवर तीन तास बसलेला माणूस.

माझ्या भाचीचा यात काही दोष नाही. तिने मला पत्रात लिहिलं की आपली खोली हवेशीर आहे. आमच्या घरात या शब्दाचा एक जुना, खाजगी आणि उलटा अर्थ आहे. तो तिच्या आईने लावला होता, आणि आता तो मला एकट्यालाच ठाऊक आहे असं दिसतं. तिला म्हणायचं होतं की खोलीत हवा चांगली येते. बस, इतकंच. मी ते वाचून नऊ तासांचा प्रवास करून आपला अपमान केला. आपण मला एकही उलट शब्द बोलला नाहीत, उलट उन्हात बसलोय म्हणून आतून एक स्टूल पाठवलंत. मी त्यावर बसलोही नाही. त्याची लाज जास्त वाटते.

आत्या येईल अशी भीती आपल्याला वाटते असं कळलं. तिला आत्या नाही. मामा एकच आहे, तो मी, आणि मी बोलावल्याशिवाय पुन्हा येणार नाही.

ही मुलगी आठ तास बंद खोलीत बसून लोकांना ऐकायला मदत करते. संध्याकाळी तिला वारा लागतो. आपली खोली तिला द्यावी ही विनंती.

आपला,
भाचीचा मामा

ता.क. बसल्या बसल्या आपली पाटी वाचली. ‘खुर्च्या विणुन मिळतील.’ यात णू दीर्घ हवा. राग मानू नये.

८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

हे पत्र मी शब्दकोश मांडीवर घेऊन लिहितेय, म्हणून इतका उशीर.

एकतीसला मी नर्सबाईंकडे गेले. त्या खरंच चांगल्या आहेत, तुला खोटं कशाला सांगू. पण पहिल्या दिवशी मी बशी जरा आपटली तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. आठवडाभर मी चवड्यांवर चालले. तुझं पत्र त्या घरात वाचलं, खिळ्यांच्या खिडकीपाशी उभं राहून, आणि मग रडायलाही पुलावर गेले, कारण तिथे आवाज केलेला चालतो.

मामा, मी तो शब्द विसरले होते. शिबिर आठवतं. तू टॉर्च घेऊन तंबूच्या दाराशी उभा होतास आणि तुझ्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या, तेही आठवतं. पण मला इतकी वर्षं वाटायचं की तुझं तुलाच कळलं होतं. मी लिहिलं होतं हेच डोक्यातून गेलं. आई म्हटली की मला तिचा हिरवा स्वेटर आठवतो आणि तिचं शिंकणं. तिचा हा शब्द माझ्याकडे होता आणि मी तो कुठेतरी ठेवून विसरले. तुझा राग येऊन चार दिवस घालवले त्यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटलं.

वेलांटीचं कोडंही सोडवते. कान तपासायच्या खोलीच्या दारावर एक सरकारी छापाची सूचना चिकटवलीय. ‘कक्ष स्वच्छ व हवेशीर ठेवावा.’ खिडकी नसलेल्या खोलीवर. दिवसातून वीस वेळा ते दार उघडताना तो शब्द समोर येतो. दोन-तीन आठवडे बघून बघून मी पहिल्यांदाच एक शब्द बरोबर शिकले, आणि त्यानेच घात केला.

रविवारी तुझं पत्र खुर्चीवाल्या बाईंना नेऊन दिलं. त्यांनी हातातला वेत खाली न ठेवता वाचलं. मग खाली ठेवून पुन्हा वाचलं. ताजा कलम आल्यावर उठून बाहेर गेल्या आणि पाटीकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं. आत आल्या आणि म्हणाल्या, ‘एकोणीस वर्षं झाली ही पाटी लावून. एकाही मेल्याने सांगितलं नाही.’ मग म्हणाल्या, ‘माफी मागतानाही ज्याला चूक दिसते तो माणूस थापा मारत नसणार.’ आणि चावी दिली. एक अट आहे. णू तुझ्या हातचा हवा. रंग त्या आणून ठेवणार आहेत.

काल राहायला आले. तीन बाजूंना खिडक्या आहेत. खालून बाईंच्या हातोडीची ठकठक येते, पलीकडच्या गच्चीवर एक जण रोज संध्याकाळी बासरीवर तोच एक सूर चुकवतो. कागद उडू नयेत म्हणून मी टेबलावर दोन बटाटे ठेवलेत. खोली कशी आहे हे आता एका शब्दात सांगता आलं असतं, पण तो शब्द आता मी असा कुठेही वापरणार नाही. कानाला खडा.

तुझी,
वेलांटी

२२ नोव्हेंबर

प्रिय वेलांटी,

शुद्धिपत्र: काही नाही. कोश मांडीवर घेऊन लिहिणं ही लबाडी आहे, पण मान्य.

चावी मिळाल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. बाईंना माझा नमस्कार सांग. एकोणीस वर्षं ऱ्हस्व णुखाली धंदा केला म्हणजे बाई खमक्या आहेत. पाटीचं बघू सावकाश, मी काही रंगारी नव्हे.

इकडे उत्तम चाललंय. बाइंडर आता गुरुवारी येत नाही. मुलाने त्याला आपल्याकडे नेलं, गुडघे फार दुखत होते. त्यामुळे गुरुवार मोकळा झाला, वाचायला वेळ मिळतो. स्वयंपाक मी एकदम दोन दिवसांचा करतो, घासायला भांडी कमी पडतात. रेडिओ सकाळपासून लावून ठेवतो, बातम्या सगळ्या पाठ झाल्यात. तुझी खोली झाडून काढली, पलंग भिंतीला लावला, कपाट रिकामं झालंय त्याची दारं उघडी ठेवलीत. घर आता अगदी हवेशीर झालंय. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तुझी चौकशी केली, त्याचे वडील टीव्ही फार मोठ्याने लावतात म्हणे, त्यांचे कान कधी तपासशील का विचारत होता. चष्म्याचा नंबर बदलला. नवा चष्मा नाकावरून घसरतो, बाकी छान.

थंडी वाढली असेल तर तीनपैकी दोन खिडक्या लावून घेत जा. माझी काळजी करू नकोस.

मामा

२६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र सुलट वाचलं तेव्हा हसले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं खाली बाईंनाही वाचून दाखवलं. मग चौसष्ट पायऱ्या चढून वर आले आणि तू शिकवलंस तसं उलटं वाचलं. नकोस, करू, काळजी, माझी. एकेक शब्द सुटा होत गेला. चष्मा, वडील, दुकानदार. आणि मग तो आला.

मी बराच वेळ विचार केला. घरात हवा खेळते एवढंच तुला म्हणायचं असेल. कपाटाची दारं उघडी आहेत, खोली रिकामी आहे, हवा खेळणारच. पण बेचाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस हा शब्द आपल्या हाताने लिहून, पुन्हा वाचून, पाकीट चिकटवतो, तेव्हा तो चुकून राहिलेला नसतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तोंडाने तू ‘हं, हं’ च्या पुढे जाणार नाहीस.

आणि माझं चुकत असेल तर चुकू दे. तूही नऊ तास बसने आला होतास.

शनिवार-सोमवार सुट्टी घेतलीय. बाईंनी खालच्या मजल्यावरची मागची खोली झाडून ठेवलीय, म्हणतात, चौसष्ट पायऱ्या रोज चढायच्या नसतील तर निजायला ही घे, आणि बसायला वर जा. किती दिवस, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रंग आणून झालाय, ब्रशही. णूची जागा त्यांनी खडूने गोल करून ठेवलीय आणि गिऱ्हाइकांना सांगतात की माणूस येतोय.

शुद्धिपत्र: पत्रात एकही चूक नाही. हवेशीरमधली वेलांटी दुसरीच आहे, दोनदा तपासली.

मी काही विचारणार नाही, तू काही सांगू नकोस. शनिवारी दुपारी दोनच्या बसने पोचते. चप्पल घालून दारात उभा राहा. दोन्ही एकाच जोडाच्या आहेत ना, तेवढं बघ.

तुझी,
वेलांटी